‘पोचलास का?’ विचारणारा फोन

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय: मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झाला, पक्कं लायसन हातात आलं. रोज स्कूटरने फर्मागुडीला इंजिनियरिंग कॉलेजात जातो, शनिवार-रविवारी बाबांची गाडी घेऊन पणजीला. फोन काही सुटत नाही. गाडी चालू झाली की फोन आपोआप गप्प बसेल असं एखादं अ‍ॅप आहे का? यजमान म्हणतात, अ‍ॅपबिपने काही होत नाही, पोरगा तेही बंद करील.

ताई, अंत्रुज महालात, म्हणजे आपल्या फोंडा तालुक्यात, मी बावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. सरळ उत्तर आधी देतो. हो, अशी सोय आहे, आणि बहुतेक तुमच्या मुलाच्या फोनात ती आधीपासूनच पडून असेल, फुकट. यजमानांचंही बरोबर आहे, पोरगा ती बंद करू शकतो. पण तुम्ही दोघंही ज्याच्याबद्दल बोललाच नाहीत तो फोन तुमचा स्वतःचा आहे. काम तिथून सुरू करावं लागतं.

का, ते सांगतो. माझ्याकडे एक मुलगी शिकत होती, हुशार, हात चांगला बसलेला. शेवटचे दोन-तीन धडे मी मुलांना हमरस्त्यावर नेतो. आम्ही मंगेशी, कुंडई, भोम करत बाणस्तारीच्या पुलाकडे निघालो होतो. तिचा फोन गिअरच्या पुढच्या खाचेत ठेवलेला, आवाज बंद, नुसता थरथरणारा. भोमला घरं किती रस्त्याला टेकून आहेत ते तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे फोन थरथरला. तिने उचलला नाही, हात स्टिअरिंगवरच होते. फक्त खाली पाहिलं, नाव वाचलं, पुन्हा वर पाहिलं. तेवढ्यात गाडी डावीकडे सरकली आणि एका कुंपणाला आरसा घासायच्या बेतात असताना मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. फोन थांबला. अर्ध्या मिनिटात पुन्हा थरथरला. बाजूला घ्यायला लावून मी तो उचलला. पलीकडून तिचे बाबा: “पोचली का रे ती?” तिचा धडा किती वाजता आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. फीसुद्धा त्यांनीच भरली होती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१४ सालच्या अधिवेशनात १५ ते १८ वयाच्या चालक मुलांचा एक अभ्यास मांडला गेला होता. गाडी चालवताना फोनवर बोलतो असं ज्या मुलांनी कबूल केलं, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या फोनच्या पलीकडे आई किंवा बाबा होते. का उचलता, तर म्हणे नाही उचलला तर घरी रागावतात. मी हे वाचलं तेव्हा मला त्या भोमच्या कुंपणाचीच आठवण झाली.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट तोंडाने ठरवून घ्यायची: तो रस्त्यावर असण्याच्या वेळात आपण फोन करायचा नाही आणि केला तर उचलला नाही म्हणून ओरडायचं नाही. पोचल्यावर फोन तो करील. तुम्हाला नुसतं ‘कुठे आहे’ एवढंच बघायचं असेल तर गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअर करून ठेवा. नकाशावर ठिपका पुढे सरकताना दिसला की आईचा जीव भांड्यात पडतो आणि त्याचा फोन वाजत नाही. अ‍ॅपचा एवढा उपयोग केलात तरी मी म्हणेन अर्धी लढाई झाली.

आता फोन गप्प करण्याबद्दल. आयफोन असेल तर २०१७ पासून त्यात गाडी चालवताना सूचना अडवायची सोय आहे. २०२१ पासून तिला ड्रायव्हिंग फोकस म्हणतात. सेटिंग्जमध्ये फोकसमध्ये जा, ड्रायव्हिंग निवडा. ती कधी चालू व्हावी हे विचारतो: गाडीची हालचाल ओळखून, गाडीच्या ब्लूटूथला जोडला गेल्यावर, किंवा हाताने. गाडीसाठी ब्लूटूथचा पर्याय सगळ्यांत भरवशाचा, कारण हालचालीवरून ओळखणारा फोन कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसमध्ये बसलात तरी तुम्हाला ड्रायव्हर समजतो. सॅमसंगमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’ म्हणून भाग आहे, त्यातही ड्रायव्हिंगचा मोड गाडीच्या ब्लूटूथला बांधता येतो. बाकी अँड्रॉइड कंपन्यांत नावं वेगवेगळी. सेटिंग्जच्या शोधखिडकीत ‘ड्रायव्हिंग’ टाइप करून बघा. काहीच नाही मिळालं तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ हाताने लावायचं, हेल्मेट घालण्याआधी. त्यात आवडत्या नंबरांचा कॉल येऊ द्यायची मुभा असते. ती मुभा तपासून घ्या, कारण आवडते नंबर म्हणजे आईबाबाच असतात आणि आपण फिरून पहिल्याच ठिकाणी येतो.

आयफोनवर आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे, ‘मी गाडी चालवतोय, पोचल्यावर बोलतो’ असं काहीतरी. पण ते साध्या मेसेजला जातं, व्हॉट्सअ‍ॅपला नाही. आणि आपल्याकडे सगळं जग व्हॉट्सअ‍ॅपवर. यजमानांचं दुकान असेल, किंवा ते कुठला धंदा करत असतील, तर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्यावं. त्यात ‘आता उपलब्ध नाही’ असा संदेश आपोआप जाईल असं लावता येतं. मी स्वतः तेच वापरतो. धडे चालू असताना जो कुणी मेसेज टाकतो त्याला कळतं की सर रस्त्यावर आहेत, तासाभराने बोलतील. सुरुवातीला दोन-चार जणांनी ‘एवढा मोठा झालास का’ म्हणून चेष्टा केली, मग सवय झाली.

स्कूटरचं वेगळं. तुमचा मुलगा आठवड्यातले पाच दिवस स्कूटरवर असतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत दुचाकीवरची ४४ टक्क्यांहून जास्त. गोव्यातही वर्षाला अडीचशे-तीनशेच्या घरात जीव जातात, आणि कुठलाही स्थानिक पेपर उघडा, दुचाकीस्वारच जास्त सापडतो. पण ही अ‍ॅपं बनवणारे बहुतेक चारचाकीवाल्या देशांतले. स्कूटरला ब्लूटूथ नसतं (नव्या काहींना असतं), फोन कधी खिशात, कधी बॅगेत, कधी हेल्मेट आणि कानाच्या मध्ये खुपसलेला. हालचाल ओळखणारी गणितं इथे चुकतात. एका कंपनीने ही नस बरोबर ओळखली होती. २०१६ साली सॅमसंगने भारतासाठी एस बाइक मोड काढला होता. समोरच्याने फोन केला की आवाज ऐकू यायचा, मालक दुचाकीवर आहे, अगदी तातडीचं असेल तर एक नंबर दाबा. मला ती कल्पना फार आवडली होती, कारण ती फोन करणाऱ्यालाच विचार करायला लावायची. आताच्या फोनांत ती त्या रूपात मला दिसत नाही.

त्यामुळे स्कूटरसाठी माझं अ‍ॅप म्हणजे डिकी. फोन सीटखाली, किल्ली फिरवली, संपलं. उन्हाळ्यात डिकी तापते, म्हणून मी मुलांना पाठीवरच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायला सांगतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत. खिशात ठेवलेला फोन थरथरला की मांडीला कळतं, आणि मांडीला कळलं की डोकं तिकडे जातं. बॅगेतला फोन तसा बोलवत नाही. फर्मागुडीला जायला त्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळात जगात असं काय होणार आहे?

इथे एक आकडा मुलाला सांगा, मुलं आकड्याला मानतात. ताशी ५० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. मेसेज वाचायला चार सेकंद लागले तर ५५ मीटर. कदंबच्या पाच बसेस एकापाठोपाठ उभ्या केल्या तर जेवढ्या लांब होतील, तेवढं अंतर त्याने डोळे मिटून कापलं. वर्गात मी प्रत्येकाला घड्याळ लावून मेसेज वाचायला देतो. चारपेक्षा कमी सेकंदांत वाचून पुन्हा समोर पाहणारा फार थोडाच सापडतो.

“पण सर, मी हॅंड्स-फ्री वापरतो,” हे मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं, आणि आईबापांकडून तर जास्त. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये अपघातानंतर इस्पितळात आलेल्या चालकांचा अभ्यास झाला होता, २००५ साली छापला गेला. फोन वापरताना अपघाताची शक्यता चौपट होत होती, आणि हातात धरलेला असो वा हॅंड्स-फ्री, फरक पडत नव्हता. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्तासुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये दाखवलं की गाडीला तोंडी हुकूम देऊन झाल्यावरही मन पूर्ण रस्त्यावर परत यायला कधीकधी २७ सेकंद लागतात. ताशी ४० ने २७ सेकंद म्हणजे ३०० मीटर. ‘हे गूगल, आईला फोन लाव’ म्हटल्यानंतरचे ३०० मीटर. तेव्हा ब्लूटूथने फोन उचलणं कुणी बिनधोक समजू नये.

आता त्या अ‍ॅपांबद्दल, ज्यांच्यात गाडी कशी चालवली याचा रिपोर्ट येतो. लाइफ३६० हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं. गाडी धावत असताना फोन हाताळला का, ब्रेक किती जोरात मारला, वेग झटक्यात वाढवला का, असं ते नोंदवतं. फोनमधलं जीपीएस वेग सांगतं, आतले सेन्सर झटके आणि फोनची हालचाल ओळखतात, स्क्रीन उघडली का हेही कळतं, त्या सगळ्यावरून अंदाज बांधला जातो. फोन नुसता सीटवर घसरला तरी कधीकधी ‘वापरला’ म्हणून नोंद होते. आणि मुलगा मित्राच्या गाडीत मागे बसून रील बघत असला तरी अ‍ॅपला वाटेल तोच चालवतोय. म्हणून रिपोर्टवरून मुलाला फैलावर घ्यायच्या आधी विचारा, चालवत कोण होतं.

मी हे अ‍ॅप सर्वांत आधी स्वतःच्या आणि बायकोच्या फोनात टाकलं होतं, तीनेक वर्षांपूर्वी, मुलांना दाखवायला म्हणून. पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट आला आणि मी गप्प झालो. अकरा वेळा मी गाडी धावत असताना फोनला हात लावला होता. मी, इतकी वर्षं दुसऱ्याला ‘फोन खाली’ ओरडणारा. मला स्वतःला आठवत होते जेमतेम तीन. उरलेले आठ कुठे गेले? सिग्नल सुटता सुटता, तिस्कावर गाड्या अडकलेल्या असताना, कुर्टीच्या बायपासला. बायकोने तो रिपोर्ट मुलीला दाखवला. मुलगी म्हणाली, बाबा, मग मला का सांगता? त्यानंतर आमच्याकडे एक नियम झाला: रिपोर्ट येतो तो सगळ्यांचा, रविवारी जेवणानंतर सगळे बघतात, आधी मोठ्यांचा. मुलीचा आमच्यापेक्षा नेहमीच चांगला असतो आणि ती ते बोलून दाखवते.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण बरेच आईबाप अशी अ‍ॅपं मुलाच्या फोनात टाकून स्वतः रिपोर्ट बघत बसतात. मुलाला ती पोलिसगिरी वाटते, तो फोनच घरी विसरल्यासारखं करतो किंवा लोकेशन बंद करतो. नुसता आकडा दाखवून सवय फारशी सुटत नाही. त्याला काहीतरी हातात दिसावं लागतं: महिनाभर फोन शून्य, तर पेट्रोलचे पैसे घरातून. आईबाप आणि मुलं यांच्यात पैज लावा. हरणाऱ्याने मिरामारला नेऊन आइस्क्रीम खायला घालायचं. मुलांना मोठ्यांना हरवायची संधी दिलीत की बघा.

खाजगीपणाचंही बोलायला हवं. कुटुंबाचं लोकेशन म्हणजे कोण कधी घरी नसतं याची यादीच. २०२१ साली अमेरिकेत बातम्या आल्या होत्या की लाइफ३६० लोकेशनची माहिती दलाल कंपन्यांना विकत होती. पुढे कंपनीने अचूक लोकेशन विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. माझा सल्ला असा की सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर अर्धा तास घालवा, जाहिरातदारांना माहिती द्यायची परवानगी जिथे बंद करता येते तिथे करा, आणि मुलाला समोर बसवून करा. तो अठरा पूर्ण आहे. त्याच्या संमतीशिवाय त्याचा माग काढणं मला पटत नाही, आणि चालतही नाही. मुलांना कळतंच.

कायद्याचं थोडक्यात. गाडी चालवताना हातात फोन धरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्हीही, असं कायद्यात आहे. २०२० पासून नियमात एवढी सूट आहे की नुसता रस्ता बघण्यासाठी फोन वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा तऱ्हेने. म्हणजे मॅप्स स्टँडवर लावून, निघण्याआधी पत्ता टाकून, आवाजाने ऐकत. कळंगुट-बागा पट्ट्यात भाड्याच्या स्कूटरवर डाव्या हातात फोन धरून बीच शोधणारे पाहुणे आपण रोज बघतो, ते या सवलतीत बसत नाहीत. मुलं मात्र त्यांनाच बघून शिकतात, म्हणून सांगितलं.

तुमच्याकडे त्याचं धाकटं भावंड असेल तर एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि आजच्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या. म्हणजे प्रत्यक्षात अठरा. त्याआधी चालवताना सापडला तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन नाही. अ‍ॅपचा रिपोर्ट चांगला आला म्हणून यातलं काही कमी होत नाही.

शेवटी जी गोष्ट कोणी सांगत नाही आणि ज्यामुळे अर्ध्या लोकांचं अ‍ॅप चालत नाही. आपल्याकडचे बरेचसे अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला पार्श्वभूमीत चालणारी अ‍ॅपं बंद करून टाकतात. मग रिपोर्ट रिकामा येतो आणि माणूस म्हणतो, बघा, काही उपयोग नाही. ज्या अ‍ॅपला गाडी ओळखायची आहे त्याला लोकेशनची परवानगी ‘नेहमी’ अशी द्यावी लागते आणि बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्यावरचं बंधन काढावं लागतं. सॅमसंगमध्ये ‘झोपलेली अ‍ॅपं’ अशी यादी असते, तिथून त्याला बाहेर काढा.

तर असं करा. येत्या रविवारी सकाळी तिघं बसा. आधी तुमच्या आणि यजमानांच्या फोनात ड्रायव्हिंगचा मोड लावा, मग मुलाच्या. लोकेशन एकमेकांना द्या. मग यजमानांनी गाडी काढावी, मुलगा शेजारी, फर्मागुडीपर्यंत जाऊन परत यायचं. तुम्ही घरी थांबा आणि पाच मिनिटांनी यजमानांना फोन लावा. यजमानांनी तो उचलला, तर पेट्रोलचा पहिला महिना मुलाने जिंकला असं धरायचं.